आपण म्हणजे कोण

लाल दिवा पुन्हा लागला, तशी चंद्राताईने बोर्डावरचा हार्नेस काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत अडकवला. परत लाल.

"मेल्याला काय धाड भरलीय आज," ती म्हणाली. "वैजू, ये गं जरा. सकाळपासून हेच चाललंय."

मी माझी लाइन सोडून तिच्याकडे गेले. आमचा कारखाना अंबडच्या एमआयडीसीत होता. ट्रॅक्टरमध्ये बॅटरीपासून दिव्यांपर्यंत ज्या वायरी फिरतात, त्यांचा एकत्र बांधलेला गठ्ठा म्हणजे हार्नेस. तो बांधायचं काम आम्हा बायकांचं, आणि मी त्या लाइनची लीडर. बांधून झालेला माल चंद्रकला पगारेकडे जायचा. ती टेस्टर. तिच्यापुढच्या बोर्डावर हार्नेस अडकवायचा. सगळ्या वायरी आपापल्या जागी असतील तर हिरवा दिवा, एक जरी इकडची तिकडे झाली तरी लाल. हिरवा लागला की ती त्यावर स्वतःच्या नंबरचा स्टिकर लावणार, मग तो माल पॅकिंगला. चंद्राताईचा स्टिकर लागला म्हणजे पुन्हा कुणी बघायचं नाही, असा तिचा लौकिक होता.

तिने तो लाल आलेला हार्नेस हातातल्या मीटरने वायर-वायर तपासला. त्याला बराच वेळ गेला.

"हा तर चांगलाय की," ती म्हणाली. "बोर्डच आजारी पडलाय. मागेही असंच झालं होतं."

"मग मेंटेनन्सला सांग."

"सांगितलं. तो मालेगावला लग्नाला गेलाय. उद्या येणार."

आणि गेटवर ट्रक उभा होता. हा माल संध्याकाळपर्यंत निघाला नाही तर ट्रॅक्टरवाल्यांची लाइन उद्या बंद पडणार, आणि मग आमची ऑर्डर जाणार, हे सगळ्यांना पाठ होतं. तेवढ्यात बच्छाव साहेब आलेच. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हातात स्वतःचा चहाचा कप.

बच्छाव साहेबांबद्दल खोटं कशाला बोलू? आल्यापासून त्यांनी आमच्यासाठी बरंच केलं होतं. आधीचा मॅनेजर काचेच्या केबिनमधून बोटाने खुणवायचा. हे खाली यायचे, आमच्याबरोबर कँटीनच्या बाकावर जेवायचे, डब्यातली भाजी मागून घ्यायचे. बायकांच्या संडासाची कडी कित्येक महिने तुटलेली होती, ती त्यांनी आल्या आठवड्यात बसवून दिली. एकदा कनेक्टरचं खोकं फुटून सगळ्या फरशीभर पसरलं, तर हा माणूस आमच्या जोडीला गुडघे टेकून वेचत बसला होता. आम्ही बायका त्यांच्यावर जीव टाकायचो. चंद्राताई तर विचारूच नका. साहेबांविरुद्ध कुणी ब्र काढला की ती अंगावर धावून जायची.

"काय झालं चंद्राताई? चेहरा का पडलाय?"

तिने सांगितलं. साहेबांनी बोर्डावर हात ठेवला, दोन हार्नेस स्वतः अडकवून पाहिले. एक लाल, एक हिरवा. तोच लाल पुन्हा लावला तर हिरवा.

"हे बघा, बोर्डाला ताप आलाय," ते म्हणाले. बायका हसल्या. "माल आपल्याच हातचा आहे. आपल्या हातावर आपला विश्वास आहे की नाही?"

"आहे की साहेब."

"मग झालं तर. आजच्यापुरता बोर्ड आपण बाजूला ठेवू. ट्रक जाऊ दे. उद्या मेंटेनन्सवाला आला की त्याची खबर आपण घेऊच."

मी म्हटलं, "साहेब, एखादा खरंच खराब निघाला तर?"

"वैजयंती, तू ना, लग्नात सुद्धा पाऊस येईल म्हणून छत्री घेऊन जाशील," ते म्हणाले. पुन्हा सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, काय करणार! बोलायचेच तसे. मग त्यांनी चंद्राताईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, पुढच्या महिन्यात पर्मनंटची यादी जाणारेय. वरती मी सांगितलंय, आपल्याकडे एक बाई अशी आहे की तिच्या स्टिकरवर डोळे मिटून माल घ्या."

चंद्राताई आठ वर्षं कंत्राटावर होती. दर अकरा महिन्यांनी ब्रेक, पुन्हा नवीन कार्ड, पुन्हा नव्याने रुजू. नवरा रिक्षा चालवायचा, चालवली तर. मुलगी मयुरी नर्सिंगला लागली होती. पर्मनंट झाली की या बाईच्या आयुष्यातली धाकधूक संपणार होती. तिने पदर खोचला आणि स्टिकरची गुंडाळी हातात घेतली. दिवस मावळायच्या आत ट्रक गेटबाहेर पडला. साहेबांनी सगळ्यांना वडापाव मागवला.

नंतर दोन-तीन आठवडे सगळं नीट होतं. मग एका सकाळी ऑफिसमध्ये फोनवर फोन सुरू झाले. जळगावकडे कुठेतरी शेतात नांगरत असलेला नवाकोरा ट्रॅक्टर पेटला होता. चालवणारा उडी मारून वाचला, पण त्याचा हात चांगलाच भाजला. ट्रॅक्टर उघडला तर आतल्या हार्नेसमध्ये दोन वायरींची अदलाबदल. त्या मालातले आणखी थोडे तसेच निघाले. बोर्ड आजारी होता हे खरं, पण त्या गडबडीत खरोखरचे खराबही त्याच रांगेतून निसटून गेले होते. प्रत्येकावर चंद्राताईच्या नंबरचा स्टिकर.

चौकशीला पुण्याहून टिपणीस नावाचे एचआरचे मोठे साहेब येणार, असं कळलं. मी चंद्राताईला कँटीनच्या मागे गाठलं.

"हे बघ, आत गेल्यावर सरळ सांगायचं. बोर्ड बाजूला ठेवा असं बच्छाव साहेबांनी सांगितलं, म्हणून आम्ही ठेवला. एवढंच. घाबरायचं नाही."

"मी कशाला त्यांचं नाव घेऊ? ते स्वतःच सांगतील की."

"आणि नाही सांगितलं तर?"

"वैजू, तुझा ना माणसावर विश्वासच नाही." ती खरंच रागावली. "काल मला बोलावलं होतं त्यांनी. म्हणाले, ताई, अजिबात टेन्शन घ्यायचं नाही, आपण सगळे एकत्र आत जायचं, जे असेल ते आपण मिळून निस्तरू. स्वतः पाणी दिलं मला. कोण मॅनेजर असं बोलतो?"

माझ्याशीही ते तसंच बोलले होते. पण मला काही ते पटेना.

दुसऱ्या दिवशी आम्हाला वरच्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. एसी एवढा, की चंद्राताईने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. टेबलापलीकडे टिपणीस आणि त्यांच्या शेजारी बच्छाव साहेब. अलीकडे आम्ही दोघी. साहेब त्या बाजूला बसलेत, हे मला आत शिरताच खटकलं. चंद्राताईला नाही खटकलं. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली, त्यांनीही हलवली.

टिपणीस वयस्कर, फार सभ्य माणूस. आवाज चढवणारा नव्हता. "आपलं नाव? आपण किती वर्षं इथे आहात?" असं त्यांचं सगळं अदबीने चाललं होतं. आमच्याशी आयुष्यात कुणी एवढ्या मानाने बोललं नव्हतं. चंद्राताई अवघडून गेली.

"त्या दिवशी हा माल टेस्टिंग बोर्डावर तपासला गेला नाही, हे खरं आहे का?"

"हो साहेब."

"तरीही त्यावर आपला स्टिकर आहे."

चंद्राताईने बच्छाव साहेबांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवर हात ठेवून त्या बाटलीकडेच बघत होते. मग साहेबांनी घसा साफ केला. आवाज नेहमीसारखाच, मऊ.

"मला वाटतं, झालेली चूक आपण मान्य करायला हवी."

चंद्राताईचा चेहरा एकदम उजळला. खोटं नाही सांगत, मी शेजारीच होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा, पाहिलंस ना, अशा नजरेने. आणि ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

"हो साहेब. चूक झाली. मान्य आहे."

मग ती थांबली. आता ते बोलतील म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मीही बघत होते. टिपणीसांनी पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

बच्छाव साहेब टिपणीसांकडे वळले. "सर, त्यांच्या प्रामाणिकपणाचं आम्हाला कौतुकच आहे. पण सुरक्षेच्या बाबतीत आम्ही तडजोड करू शकत नाही."

आम्ही!

दोन वर्षांत या माणसाच्या तोंडून मी कधी 'आम्ही' ऐकलं नव्हतं. आपली लाइन, आपला माल, आपलं कँटीन, आपण करू, आपण बघू. आणि आता टेबलाच्या त्या बाजूने आम्ही. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. आपल्या भाषेत 'आपण' दोन्ही अर्थांनी चालतं. आपल्यासकट सगळ्यांना धरायचं असलं तरी आपण, आणि समोरच्या परक्या माणसाला मान देऊन लांब ठेवायचं असलं तरी आपणच. चूक आपण मान्य करायला हवी. चंद्राताईला वाटलं, आपण सगळ्यांनी. ते म्हणाले होते, बाई, तुम्ही.

ती अजून उभीच होती. तिला खाली बसवायला म्हणून मी तिचा हात ओढला आणि माझं तोंड सुटलं ते सुटलंच.

"साहेब, आपण म्हणजे कोण?"

"काय?" टिपणीस म्हणाले.

"बच्छाव साहेब आत्ता म्हणाले ना, आपण मान्य करायला हवी. आपण म्हणजे कोण, ते त्यांना विचारा. बोर्ड बाजूला ठेवायला यांनी सांगितलं. सगळ्या लाइनसमोर सांगितलं."

बच्छाव साहेब रागावले नाहीत. हेच तर! रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"वैजयंती, मी काय म्हणालो होतो? माझे शब्द सांग."

"आजच्यापुरता बोर्ड आपण बाजूला ठेवू, असं म्हणालात."

"बरोबर. बोर्ड बाजूला ठेवू म्हणालो. तपासणी बाजूला ठेवा म्हणालो का? बोर्ड बंद असला की मीटर लावून हाताने तपासायचं, हे टेस्टरला वेगळं सांगावं लागतं का?"

"एका हार्नेसला किती वायरी असतात, तुम्हाला माहितेय. मीटर घेऊन बसलो असतो तर ट्रक दुसऱ्या दिवशीसुद्धा हलला नसता. आणि तुम्हाला तर तो संध्याकाळी हवा होता!"

"तेव्हा तुम्ही हे वर कळवलंत का?" टिपणीसांनी मला विचारलं. अगदी शांतपणे.

"वर म्हणजे कुणाला साहेब? वर हेच होते."

टिपणीसांनी पेन खाली ठेवलं. आता ते बच्छावांकडे बघत होते, आणि पहिल्यांदाच बच्छावांचा हात त्या बाटलीवरून खाली आला. मला वाटलं, झालं. आता याला बोलावंच लागेल.

"वैजू, बस कर."

चंद्राताई बोलली होती. खाली बसून, टेबलाच्या कडेकडे बघत.

"साहेब बरोबर बोलतायत. मीटर लावायला पाहिजे होता. माझ्याच ध्यानात आलं नाही. त्यांची काही चूक नाही."

"चंद्राताई, अगं काय बोलतेस तू?"

"बस कर म्हटलं ना!"

टिपणीसांनी पुन्हा पेन उचललं. दहा मिनिटांत आम्ही बाहेर होतो. चंद्राताईचं कार्ड त्याच दिवशी गेटवर जमा करून घेतलं. लॉकरमधला डबा, चपला आणि एक फणी एवढं पिशवीत भरून ती गेली. मी गेटपर्यंत गेले. "का गं असं केलंस?" म्हणून चार वेळा विचारलं, पण ती पिशवी सावरत चालत राहिली.

मला काढलं नाही. लाइनवरून उचलून स्टोअरला टाकलं, नटबोल्ट मोजायला. माझी लीडरशिप गेली, ती तिथे पुन्हा काही मिळाली नाही. बच्छाव साहेब मात्र मला जाता-येता तसेच हसून बोलायचे, "काय वैजयंती, स्टोअरमध्ये थंडगार ना?" मनात काही किल्मिष नसलेल्या माणसासारखे. पुढे मी ती कंपनी सोडली. आज दुसरीकडे माझ्या हाताखाली बऱ्याच पोरी आहेत. मॅडम कडक आहेत, गोड बोलत नाहीत, अशी माझी कीर्ती आहे. नाही बोलत. तू हे कर, मी सांगितलंय, कुणी विचारलं तर माझं नाव घे, एवढंच मी बोलते. त्यांना ते कोरडं वाटतं. वाटू दे.

पण ते नंतरचं. मी अजून स्टोअरलाच होते, तेव्हा बच्छाव साहेबांना बढती मिळून पुण्याला बदली झाली. त्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात त्यांनी कंपनीची ऑर्डर वाचवली होती, म्हणे. परिस्थिती फार कुशलतेने हाताळली, असं निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं. कँटीनमध्ये समारंभ झाला. बायका ढसाढसा रडल्या. मी सोडून.

त्यांची गाडी निघायच्या वेळी मी गेटवर होते, मालाची पावती घ्यायला. बाहेर रस्त्याच्या कडेला चंद्राताई उभी होती. हातात नारळ आणि एक शाल. तिला आत सोडलं नव्हतं, कार्ड कुठे होतं? ती तेव्हा एका हॉस्पिटलात झाडूपोछाला जात होती, तेही ठेकेदाराकडून. मयुरीचं नर्सिंग मध्येच सुटलं होतं, फी भरायचं जमलं नाही.

गाडी तिच्यापाशी थांबली. काच खाली आली. साहेबांनी नारळ घेतला, शाल घेतली, दोन्ही हात जोडले. "येतो हं ताई. काही लागलं तर हक्काने सांगायचं," म्हणाले, आणि काच वर गेली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती बघत होती.

माझं टाळकंच फिरलं. पावती वॉचमनच्या टेबलावर आपटली आणि बाहेर गेले.

"लाज नाही वाटत तुला? ज्याने केसाने गळा कापला त्यालाच शाल? त्या दिवशी तू गप्प बसली असतीस ना, तर त्याचं पितळ उघडं पडलं असतं. टिपणीस ऐकत होता! तुला कळलंच नाही तो काय म्हणाला ते. तुला वाटलं तो आपल्याबरोबर आहे."

"कळलं होतं," चंद्राताई म्हणाली.

"काय?"

"आम्ही म्हणाले ना, तेव्हाच कळलं. तुझ्या आधी कळलं."

"मग का बोललीस तसं?"

तिने डोळे पुसले. रडत नव्हती तशी, धूळ होती रस्त्यावर.

"वैजू, माझं लग्न झालं तेव्हापासून मला सगळे तू म्हणतात. सासू, नवरा, दीर, ठेकेदार, सुपरवायझर. ए बाई, ए तू. ताई म्हणून शेजारी बसून माझ्या डब्यातली भाजी खाल्ली, ती या एकाच माणसाने. तू त्या दिवशी टेबलावर सगळं काढायला निघालीस. ते खोटं होतं, असं माझ्याच तोंडून ठरलं असतं तर? नोकरी गेली ती जाणारच होती. स्टिकर माझेच होते, मला काय ठेवणार होते ते? मग ते एक तरी राहू दे म्हटलं माझ्याकडे."



"पण ते खोटंच होतं, चंद्राताई."

"माहितेय मला," ती म्हणाली. "तू नको सांगूस."

मग ड्युटीला उशीर होतोय म्हणून ती स्टॉपकडे चालू लागली. मागून वॉचमन मला हाका मारत होता, पावतीवर सही राहिली होती.